दोन भावंडांची एकच फाईल

घरात नऊ माणसे: आईवडील आणि सात मुले. थोरली 17 वर्षांची, मग 15, 14 आणि 13, त्यानंतर 10 वर्षांची जुळी आणि 7 वर्षांचे शेंडेफळ. पंधरा वर्षांचा मुलगा पोटचा, बाकी सहा दत्तक. थोरली आणि चौदा वर्षांचा मुलगा एकाच आईची लेकरे. ती सहा आणि तो तीन वर्षांचा असताना दोघे एकत्रच या घरी आले. हे घर या लेखापुरते उभे केले आहे, कुणा एका कुटुंबाची ही हकीकत नव्हे. पेच मात्र अशा घरांत हमखास येतो. अठरावे वर्ष जवळ आले की थोरले मूल आपली फाईल, म्हणजे जन्मघराच्या आणि दत्तकाच्या नोंदींचे कागद, मागते, आणि त्याच फाईलमध्ये धाकट्याचेही आयुष्य लिहिलेले असते. इथे थोरलीला सगळे जाणून घ्यायचे आहे, धाकट्याला काहीच नको आहे.

मागणी कशी आली

निमित्त झाले दवाखान्यातल्या फॉर्मचे. ‘कुटुंबातील आजार’ या रकान्यात आई इतकी वर्षे ‘नाही’ लिहीत आली होती. या वेळी मुलीने फॉर्म स्वतः भरायला घेतला. रात्रीचे साडेदहा, धाकटी झोपलेली, आई कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. नऊ माणसांच्या घरात आठवड्याला दहा-बारा वेळा मशीन लागते, त्यामुळे हे काम रोजचेच. मोज्यांच्या जोड्या लावता लावता मुलगी म्हणाली, “आई, इथे मी काय लिहू? आणि माझी फाईल मला वाढदिवसाच्या आधी वाचायचीय.”

गर्दीच्या घरात मुलाला आईशी किंवा बाबांशी एकट्याने बोलायला ना जागा असते ना वेळ. म्हणून अवघड प्रश्न हात कामात आणि नजर खाली असताना येतात: घड्या घालताना, भांडी पुसताना, गाडीत शेजारी बसल्यावर. अशी दोघांत करायची कामे आईवडिलांनी मुद्दाम राखून ठेवावीत. काम लवकर उरकावे म्हणून ती एकाच मुलावर टाकली की बोलण्याची तेवढी जागाही जाते.

आईने “का गं, अचानक?” असे विचारले नाही, हे फार महत्त्वाचे. त्या प्रश्नात मुलांना दुखावलेला सूर ऐकू येतो आणि ती लगेच माघार घेतात. आई म्हणाली, “हो, वाचायची. आधी आम्ही दोघे ती पुन्हा नीट वाचतो. येत्या रविवारी तुला दिवस सांगते.” लहानपणी मोठ्यांच्या मोघम आश्वासनांवर वाट पाहिलेल्या मुलाला ‘बघू’ हा नकारच वाटतो. ठरलेला वार सांगितला की ते थांबू शकते.

फॉर्मचे उत्तर त्याच रात्री देता आले. ‘नाही’ म्हणजे आजार नाहीत, आणि ‘माहीत नाही’ म्हणजे माहितीच नाही. डॉक्टरांच्या लेखी या दोन उत्तरांत मोठा फरक आहे. ‘नाही’ वाचून एखादी तपासणी लांबणीवर पडू शकते, ‘माहीत नाही’ वाचून डॉक्टर ती आधी करायची का याचा विचार करतात. लिहायचे वाक्य असे: ‘दत्तक. जन्मकुटुंबाचा वैद्यकीय इतिहास अंशतः उपलब्ध, सोबत जोडला आहे.’ सोबत एक पान, त्यात फाईलमधल्या आरोग्याच्या नोंदी: जन्मवजन, आईच्या गरोदरपणातल्या नोंदी, घराण्यातले कळलेले आजार. हे पान प्रत्येक दत्तक मुलासाठी मूल घरी येतानाच करून ठेवावे.

घरातले नियम, आणि ते इथे का आडवे आले

या घरात पंधरा आणि चौदा वर्षांच्या मुलांत जेमतेम सहा महिन्यांचे अंतर. वाढदिवसाच्या हिशोबाने सवलती दिल्या असत्या, तर दोघांना फोन जवळपास एकाच वेळी मिळाला असता. घराने वेगळा नियम केला होता: वय नव्हे, काम बघायचे. चार आठवडे स्वतःच्या गजराने उठणे, रात्री साडेनऊला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावणे, आणि काही त्रासदायक दिसले तर घरात येऊन सांगणे. तिन्ही जमले की पुढची पायरी. मोठ्याला हे तेराव्या वर्षी जमले. चौदाचा अजून दुसऱ्या पायरीवर अडखळतो, कारण पहिल्या तीन वर्षांतल्या हालअपेष्टांचा परिणाम बहुतेकदा आवर घालणे, आखणी करणे, वेळ सांभाळणे यांवर होतो. त्याचे बोलणे वयाला शोभेसे, पण चिडल्यावर तो दहा वर्षांचा होतो. समाजमाध्यमांवर खाते उघडायची परवानगी त्याला अजून नव्हती.

नियम चांगला होता, पण त्यात एक फट होती. तो फोनसाठी, रात्री बाहेर राहण्यासाठी, गाडी शिकण्यासाठी होता. माहितीसाठी नव्हता. थोरली सतराची असून पुरेशी सावरलेली आहे, तेव्हा तिला सगळे द्यायचे, असे वडिलांचे पहिले मत. ती तिची फाईल असती तर ते बरोबरच होते.

फाईल कुणाची

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातले सातवे कलम मुलाला, शक्य असेल तिथवर, आपले आईवडील कोण हे जाणण्याचा हक्क देते. आंतरदेशीय दत्तकाबाबतच्या 1993 च्या हेग कराराचे तिसावे कलम सांगते की मुलाच्या मूळाची आणि आईवडिलांच्या ओळखीची माहिती, वैद्यकीय इतिहासासह, जपून ठेवावी आणि कायदा परवानगी देईल तितकी योग्य मार्गदर्शनाखाली मुलाला द्यावी. वयाची अट देशागणिक वेगळी. पण फाईलची जी प्रत आईवडिलांच्या कपाटात असते, तिच्यावर वयाची वाट बघण्याचे बंधन सहसा नसते. दत्तक कुटुंबांबरोबर काम करणारे बरेच समुपदेशक तर म्हणतात की कठीण भागासह सगळी गोष्ट मुलाला साधारण बाराव्या वर्षापर्यंत कळलेली असावी. त्यामागे कारण आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉडझिन्स्की यांनी 1980 च्या दशकात दाखवले की पाच-सहा वर्षांचे मूल ‘मी दत्तक आहे’ हे म्हणते, पण या घरी येण्याआधी आपण दुसरे घर गमावले, हे त्याला सात-आठच्या पुढे उमगू लागते. किशोरवयात हा अर्थ ‘मी कोण’ या प्रश्नाला येऊन भिडतो. तोवर तपशील हाती नसेल तर मूल तो कल्पनेने भरते, आणि कल्पनेत दोष जवळजवळ नेहमी स्वतःकडे घेते.

आईवडिलांनी फाईल पुन्हा वाचली. एकूण 46 पाने. त्यांनी प्रत्येक पानाला चार रंगांपैकी एक चिठ्ठी लावली: फक्त तिची 9, फक्त त्याची 14, दोघांची मिळून 17, आणि तिसऱ्या कुणाची 6. तिसऱ्यांमध्ये जन्मदात्या आईचा थोरला मुलगा होता, जो आजीकडे राहिला. चिठ्ठ्या लावल्यावर तीन गोष्टी उघड झाल्या. मुलांना जन्मघरातून हलवण्याचे कारण त्याच्या पानांवर होते: तीन वर्षांच्या त्या मुलाला गंभीर दुखापत झाली होती. दोघांचे जन्मदाते वडील वेगवेगळे होते. आणि दवाखान्याने ती दुखापत अधिकाऱ्यांना कळवल्याची तारीख थोरलीने शाळेत बाईंना काही सांगण्याच्या दोन दिवस आधीची होती.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची ठरली. “मी बाईंना सांगितलं नसतं तर आपण तिथेच असतो,” असे ती नवव्या वर्षी एकदा बोलून गेली होती. त्यावर आईने “तुझी काही चूक नव्हती” असे सांगितले होते. अशा दिलाशाने मूल शांत होते, पण त्याची खात्री हलत नाही. ती तारखेने हलते. मात्र तारीख होती भावाच्या पानावर.

त्याची 14 पाने तिला दाखवायची नाहीत, एवढ्यावर भागत नव्हते. सगळे झाकले तर ती दोष स्वतःकडेच ठेवणार. सगळे दाखवले तर ताईला त्याच्या शरीराबद्दल असे काही कळणार, जे त्यालाच ठाऊक नाही. ‘तुला कळू दे, पण तू त्याला सांगू नकोस’ ही तडजोड वडिलांनी सुचवली. समुपदेशकाने ती ठामपणे नाकारली, आणि आमच्या मते ती कोणीच स्वीकारू नये. एकाच घरात रोज जेवायला शेजारी बसणाऱ्या भावाचे गुपित सांभाळणे हे सतरा वर्षांच्या मुलीचे काम नव्हे. शिवाय अशी गुपिते भांडणात बाहेर पडतात, म्हणजे नेमकी सर्वांत वाईट क्षणी. ठरले ते असे: भावाबद्दल बहिणीला भावापेक्षा जास्त काही कळता कामा नये, आणि आधी त्याला, मग तिला.

‘मला नको’ म्हणणाऱ्या मुलाला सांगणे

त्याला फाईल नको होती आणि ती नको म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. पण एकत्र वाढणाऱ्या भावंडांत एकाने दार उघडले की दुसऱ्याला वारा लागतोच. म्हणून पाने नाहीत, तीन वाक्ये, असे ठरले. वडिलांनी ती कागदावर लिहून, आईबरोबर दोनदा म्हणून पाहिली. सराव न करता बोलायला गेले की मोठी माणसे घाबरून चौथे आणि पाचवे वाक्य बोलतात. वाचनाच्या आधीच्या गुरुवारी, खेळाच्या मैदानावरून परतताना गाडीत, वडील म्हणाले: “तुम्हा दोघांना तिथून हलवलं, कारण तिथे तुम्ही सुरक्षित नव्हता. तुला लागलं होतं, तू दवाखान्यात होतास, आणि दवाखान्यातल्या लोकांनी कळवलं. तुझे आणि ताईचे जन्मदाते वडील वेगळे आहेत.”

मुलगा बराच वेळ गप्प. मग दोनच प्रश्न: “ताईला माहितीये?” आणि “मला त्याचं आता काही होणारे का?” पहिल्याचे उत्तर तयार होते: “नाही. आधी तुला सांगितलं.” दुसरा प्रश्न वडिलांना अनपेक्षित होता, पण त्या वयाचे मूल भूतकाळापेक्षा आपल्या शरीराचीच चिंता आधी करते. त्यांनी तिथे अंदाज बांधला नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली, जुन्या दुखापतीचा मागे काही परिणाम नाही हे डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितले.

तिसऱ्या दिवशी खरी भीती बाहेर आली. वडील वेगळे असतील तर कागद बदलून आपल्याला वेगळे करतील का, हे त्याला विचारायचे होते. आईने दोघांचे दत्तकाचे आदेश काढून त्याच्यापुढे ठेवले. प्रत्येकाचा आदेश वेगळा, दोन्ही अंतिम, दोन्हींवर याच आईवडिलांची नावे. त्याने ते दोनदा वाचले. अशा वेळी नुसता शब्द देण्यापेक्षा कागद दाखवावा. ज्या मुलांची घरे मोठ्यांच्या निर्णयाने बदलली आहेत, त्यांना शिक्का दिसल्यावर हायसे वाटते.

वाचनाचा दिवस

दिवस वाढदिवसाच्या पाच आठवडे आधीचा निवडला. वाढदिवशी किंवा त्याच आठवड्यात फाईल उघडू नये, कारण बऱ्याच दत्तक मुलांना तो दिवस मुळातच जड जातो. आपल्याला जन्म देणारीला आज आपली आठवण येत असेल का, हा प्रश्न त्याच दिवशी वर येतो. परीक्षेच्या तोंडावरही नको.

जागा घराबाहेरची, समुपदेशकाची खोली. वेळ सकाळी दहा ते बारा, म्हणजे उरलेला दिवस हाताशी राहतो. रात्री वाचल्यास झोप जाते, आणि या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते. बरोबर आई. वडील घरी, सहा जणांजवळ.

झाकायच्या मजकुराची रीत सांगण्यासारखी आहे. मूळ कागदावर काहीही खोडू नये. मजकुरावर पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवून छायाप्रत काढावी. काळ्या पेनाने खोडलेले उजेडात तिरके धरले तर वाचता येते, म्हणून खोडायचेच असेल तर छायाप्रतीवर खोडून तिची पुन्हा छायाप्रत काढावी. संगणकावरच्या फाईलमध्ये मजकुरावर काळा चौकोन ओढला तरी खालची अक्षरे बरेचदा कॉपी करता येतात, तेव्हा ती छापून पुन्हा स्कॅन करावी. आणि मुलीला आधीच सांगावे: काही ठिकाणी पांढरे दिसेल, ते भावाचे किंवा दुसऱ्या कुणाचे आहे, तुझे काहीही झाकलेले नाही.

वाचायचा क्रम तारखेप्रमाणे ठेवला नाही. आधी जन्माची नोंद, वजन, तिच्या आईचे वय, एक फोटो. मग शाळेचा अहवाल. न्यायालयासाठी लिहिलेला अहवाल सर्वांत शेवटी, आणि त्याआधी समुपदेशकाचे स्पष्टीकरण: हा न्यायाधीशांना निर्णय घेता यावा म्हणून लिहिला आहे, त्यात फक्त काय बिघडले ते असते. चांगल्या गोष्टी लिहिलेल्या नाहीत, म्हणून त्या घडल्याच नाहीत असे नाही. मग दवाखान्याची तारीख, आणि तिच्याखाली शाळेच्या नोंदीची तारीख. तिने दोन्हींवर बोट ठेवून विचारले, “म्हणजे हे आधी?” आई म्हणाली, “हो. दोन दिवस आधी.” पुढचा अर्धा तास काहीच वाचले नाही. वेळ दोन तासांची ठेवतात ती यासाठी.

कुठे चुकले

झाकताना परिच्छेद झाकले, पण पानाच्या तळाशी प्रती कुणाकुणाला पाठवल्या त्याची यादी राहून गेली. तिथे आजीकडच्या थोरल्या भावाचे पूर्ण नाव होते. नावे मजकुरात कमी आणि कडेकोपऱ्यांत जास्त असतात: तळटीप, शिक्के, औषधांची लेबले, लिफाफ्याचा पत्ता. त्यासाठी एक वेगळी फेरी हवी, आणि ती फाईल आधी न वाचलेल्या मोठ्या माणसाने करावी, कारण वाचलेल्याची नजर तिथून घसरते.

दुसरी उणीव आराखड्यातली. शोधाबद्दल कुणी काही बोललेच नव्हते. त्याच रात्री एक वाजता तिने तो भाऊ समाजमाध्यमावर शोधला आणि निरोप पाठवला. यात नवल काहीच नाही. नाव हाती आले की बरीच मुले लगेच शोधतात, त्यामुळे फाईल द्यायच्या आधीच शोधाचे बोलणे व्हायला हवे. चार दिवसांनी उत्तर आले, प्रेमाचेच, लहानपणीच्या एका फोटोसह. शेवटी एक मागणी: धाकट्याचा नंबर दे.

ती ते उत्तर घेऊन आईकडे आली, आणि आईने निरोप पाठवल्याबद्दल एक शब्दही सुनावला नाही. पुढच्या वेळी ती येते की नाही, हे या पाच मिनिटांवर ठरते. मग दोघींनी बसून ठरवले: उत्तर चोवीस तासांनी द्यायचे. या संपर्कासाठी वेगळा ईमेल. फोटोंमधले ठिकाण बंद, शाळेचे नाव नाही, पत्ता नाही. इतर भावंडांचे फोटो नाहीत. आणि धाकट्याच्या बाबतीत एकच वाक्य: “त्याचं तो ठरवेल, आत्ता तो तयार नाही.” डीएनए चाचणीचा विषयही तेव्हाच काढला. सख्ख्या भावंडांचा साधारण निम्मा डीएनए जुळतो, एकच पालक सामाईक असलेल्यांचा साधारण पाव. अशा चाचणीत तिने नमुना दिला तर भावाचेही नातेवाईक उघड होऊ शकतात. ती थांबायला कबूल झाली.

बाकीचे पाच

मोठ्या घरात एकाचे प्रकरण एकाचे राहत नाही. तेरा वर्षांची मुलगी त्या आठवड्यापासून सगळ्यांवर खेकसू लागली, जुळ्यांपैकी एकाची वही फाडली. तिची फाईल दोन पानांची आहे: सापडली तो दिवस, वजन, अंगावरचे कपडे. ताईला 46 पाने आणि आपल्याला दोन, हे तिने मोजले होते. कुटुंब-उपचारतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी अशा हानीला संदिग्ध हानी म्हटले आहे: माणूस गेले की आहे हे कळत नाही, म्हणून शोकही पुरा होत नाही. ‘तुझ्याकडे आम्ही आहोत ना’ याने ती भरत नाही. आईने तिच्याबरोबर एका कागदावर तीन रकाने आखले: माहीत आहे, माहीत नाही, अजून विचारता येईल. तिसऱ्यात चार ओळी निघाल्या, त्यांतल्या दोन दत्तक संस्थेला पत्र लिहून विचारल्या. उत्तर काय येईल याची हमी नव्हती आणि तसे तिला सांगितलेही.

पंधराचा मुलगा काहीच बोलला नाही. तो जुळ्यांना वेळेवर तयार करत होता, कचरा बाहेर नेत होता, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात आला नाही. प्रत्येक मुलाला आठवड्यातून वीस मिनिटे एका पालकाबरोबर एकट्याने, हा या घराचा रिवाज. त्याची वीस मिनिटे सलग तीन आठवडे बुडाली होती. गडबडीत सर्वांत आधी समजूतदार मुलाचीच वेळ कापली जाते. ती परत सुरू केल्यावर तो दुसऱ्याच भेटीत म्हणाला की या घरात काही घडायला माझ्याकडे फाईलच नाही. वडिलांनी ते खोडून काढले नाही. त्याच्या अडचणींनाही जागा आहे, हे त्याला वेळ देऊनच सिद्ध होणार होते.

थोरलीची कामे मात्र माफ केली नाहीत. वाचनानंतरचे दोन दिवस सोडले, मग भांड्यांची पाळी नेहमीसारखी. सगळी कामे काढून घेतली की मूल घरात आजारी माणसासारखे होते आणि इतरांच्या मनात अढी बसते. अभ्यासात ती दीड महिना मागे पडली. वर्गशिक्षकांना फक्त ‘घरात एक मोठी गोष्ट चालू आहे’ एवढेच कळवले, आणि त्यातले शब्दही तिला विचारून ठरवले.

सहा महिन्यांनी

थोरली अठरा पूर्ण झाली आहे. थोरल्या भावाशी तिचा महिन्यातून एकदोनदा ईमेल होतो. भेट ठरलेली नाही. तिने संस्थेकडे स्वतःच्या नावाने मूळ नोंदी मागितल्या, त्यात बाकीच्यांचे तपशील संस्थेने स्वतःच झाकून दिले. चौदाचा आता पंधराकडे झुकला आहे. त्याने अजून पाने मागितलेली नाहीत, पण ताईला जन्मदात्या आईचा फोटो दाखव म्हणाला. तिने आधी आईला विचारले, मग दाखवला. त्याची 14 पाने वेगळ्या बंद पाकिटात आहेत, आणि ते कुठे आहे हे त्याला माहीत आहे.

जुळ्यांची फाईलही एकच आहे, 22 पानांची. ती दोन खोक्यांत विभागायचे काम आईवडिलांनी आत्ताच हाती घेतले आहे. दोघांची सामाईक पाने दोन प्रतींत, एकेकाची पाने ज्याची त्याला, तळाच्या याद्या तपासायला मावशी. अकरा पूर्ण व्हायच्या आत दोन्ही खोकी तयार असतील.